बंद बोअरचं पाणी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. जेल रोडवरच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या घरात, ओट्याला लागून असलेल्या टेबलावर, चैताली पगारे प्रात्यक्षिकांचं जर्नल भरते आहे. समोर रूपालीचं जर्नल उघडं आहे. रूपाली तिच्याहून एक वर्ष मागे. तिच्या पानावरचं चैतालीच्या पानावर उतरतं: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणं, निष्कर्ष. मजकूर निळ्या पेनानं, आकृती पेन्सिलीनं. शेजारी आई, लताबाई, डबा भरता भरता म्हणतात, "जर्मनी करून आली अन् इथं शुद्धलेखन चाललंय."

चैताली पुढची ओळ उतरवते. हे वाक्य तिनं या आठवड्यात बऱ्याचदा ऐकलं आहे.

ती बावीस वर्षांची आहे, सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सत्रात. गेल्या वर्षीचं सहावं सत्र तिनं जर्मनीतल्या एका छोट्या शहरात पूर्ण केलं. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या तिच्या कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी करार होता. तिकडे शिकलेलं इकडे धरलं जाईल, असं निघताना सांगितलं होतं. जुलैत कार्यक्रम संपला, ती परत आली आणि कॉलेजनं तिचे सगळे विषय धरले. एक सोडून. पर्यावरण अभियांत्रिकीची प्रयोगशाळा. कारण असं की जर्मन गुणपत्रिकेवर या नावाचं प्रात्यक्षिक नव्हतं. तिथला तिचा सर्वाधिक वेळ पाण्याच्या प्रयोगशाळेतच गेला होता, पण त्या कामाला तिथं नाव वेगळं होतं.

म्हणून जानेवारीपासून ती तिसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर पुन्हा त्याच विषयाच्या प्रात्यक्षिकाला बसते. हिशोब सरळ आहे. जर्नलवर सही झाली तर तोंडी परीक्षा, तोंडी झाली तर पदवी. पुण्यातल्या एका जलशुद्धीकरण कंपनीनं तिला जूनपासून रुजू व्हायला सांगितलं आहे. त्यांची अट एकच, पदवी पूर्ण असावी. आज सबमिशनचा शेवटचा दिवस.

जर्नल भरण्याची पद्धत नाशिकच्याच काय, कुठल्याही कॉलेजात शिकलेल्याला सांगायला नको. वर्गातल्या एकाकडे मागच्या वर्षीचं 'चेक झालेलं' जर्नल असतं. त्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. प्रयोग होतो, नाही असं नाही. चौघं स्टँडभोवती उभे राहतात, एक जण ब्युरेटची, त्या मापाच्या काचनळीची, तोटी फिरवतो, बाकीचे फोन बघतात. आकडा मात्र आधीच ठरलेला असतो. चैतालीनंही पाच सत्रं असंच केलं आणि त्याबद्दल तिला कधी काही वाटलं नाही.

ते पहिल्यांदा जर्मनीत खटकलं, तेही तिला नव्हे, तिथल्या प्रयोगशाळाप्रमुख बाईंना. पहिल्याच आठवड्यात पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं क्षारांचं प्रमाण, मोजायला दिला होता. चैतालीनं सवयीनं वहीत आधी अपेक्षित आकडा लिहिला आणि मग ब्युरेटखाली फ्लास्क धरला. बाईंनी वही बघितली, फ्लास्क बघितला. फ्लास्कमधला रंग अजून बदललेला नव्हता, म्हणजे मोजणी झालीच नव्हती. हा आकडा कुठून आला, असं त्यांनी विचारलं. चैतालीनं खरं ते सांगितलं: साधारण एवढाच येतो. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फ्लास्क बेसिनमध्ये ओतला आणि पुन्हा कर म्हणाल्या. दुपारपर्यंत ती तेच करत होती.

परत आल्यावर कॉलनीच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर तिचा सत्कार झाला. परदेशी शिक्षणातून काय मिळालं यावर दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तिनं हाच प्रसंग सांगितला. लोक शांतपणे ऐकत होते. नंतर प्रश्न आले. थंडी किती असते? जेवणाचं काय केलं? तिकडेच का नाही राहिली? वडील देवराम पाटबंधारे खात्यात कारकून आहेत. त्यांनी घरी येताना एवढंच सुचवलं की पुढच्या वेळी विमानाचं आधी सांगावं, मुलांना तेच आवडतं. राहिलेल्या विषयाबद्दल त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की ते म्हणतात, निकाल येतोय.

तर आजचं जर्नल. नऊ प्रयोग तिनं रूपालीवरून उतरवले. दहावा, कठीणपणाचा, उतरवला नाही. तो तिनं मागच्या गुरुवारी स्वतः केला होता, तीनदा. रूपालीच्या जर्नलात नमुना लिहिला आहे 'कॉलेज बोअरवेल' आणि कठीणपणा लिटरला तीनशे ऐंशी मिलिग्रॅम. हाच आकडा गेली कित्येक वर्षं सगळ्यांच्या जर्नलात आहे, आणि एके काळी तो बरोबरही असेल. पण ती बोअर बंद आहे. तिच्यावर आता दुचाकींचं पार्किंग आहे. प्रयोगशाळेच्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, महापालिकेचं. त्याचा कठीणपणा चैतालीला शहाऐंशी मिळाला, तिन्ही वेळा जवळजवळ तेवढाच. तिनं नमुन्यापुढे 'नळाचं पाणी' लिहिलं, आकडा शहाऐंशी लिहिला आणि अकराच्या सुमारास जर्नल प्रात्यक्षिक घेणाऱ्या आहेर सरांच्या टेबलावर ठेवलं.

आहेर सर वाईट माणूस नाहीत. तासिका तत्त्वावर शिकवतात, दोन कॉलेजांत. त्यांनी भराभर नऊ सह्या केल्या. दहाव्यावर थांबले.

"हे काय आहे?"

चैतालीनं सांगितलं. बोअर बंद आहे, हे सरांना माहीत होतं. त्यांची गाडी तिथंच उभी असते. आकडा चुकीचा आहे असंही ते म्हणाले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि बाजूच्या, बाकीच्यांच्या जर्नलांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"तुझ्या आकड्यावर सही केली तर ही सगळी खोटी ठरतात. मग यांच्यावर सही कशी करू? आणि सगळ्यांना पुन्हा प्रयोग करायला लावला तर तो उभा राहून बघणार कोण? मी दोन वाजता दुसऱ्या कॉलेजात असतो."

बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर एकाच बॅचचे दोन आकडे चालत नाहीत, असंही त्यांनी समजावलं. चैतालीनं विचारलं, मग बोअरच्या जागी नळ लिहून आकडा तीनशे ऐंशीच ठेवू का? सरांना त्यातला टोमणा कळला. ते म्हणाले, "काय लिहायचं ते लिही. दीडपर्यंत आण."

व्हरांड्यात रूपाली आणि बॅचमधली आणखी काही मुलं उभी होती. बोलणं त्यांनी ऐकलं होतं. रूपालीचं जर्नल, चैतालीनंच सकाळी आणून ठेवलेलं, त्याच गठ्ठ्यात होतं, सहीची वाट बघत. तिनं आवाज चढवला नाही.

"ताई, तुम्ही पुण्याला जाल. सर चिडले तर आमचा पुढचा विषय त्यांच्याकडेच आहे."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"नाव कशाला? जर्नल माझं दिलंय ना तुम्हाला."

मागून कुणीतरी म्हणालं, जर्मनीत काय बोअर नसते का. दोघं-तिघं हसले. रूपाली हसली नाही. जर्नल देताना तिनं काही मागितलं नव्हतं, हे चैतालीलाही आठवत होतं.

यात कुणाशी भांडायचं हा प्रश्नच होता. सर खोटं बोलत नव्हते. रूपालीचं चुकत नव्हतं. नियम ज्यांनी केला ते इथं नव्हते आणि त्यांनीही गुणपत्रिकेवर जे नव्हतं तेच 'नाही' म्हटलं होतं. चैतालीनं जर्मनीत जे एक काम नीट शिकून घेतलं, नेमकं तेच इथं अडचण होऊन बसलं होतं. ते तिथंच ठेवून आली असती तर आज अकरा वाजताच मोकळी झाली असती.

कँटीनमध्ये तिनं चहा घेतला नाही. जर्नलातलं दहाव्या प्रयोगाचं पान ब्लेडनं कापलं, नवं चिकटवलं. नमुना: कॉलेज बोअरवेल. निरीक्षणांच्या तक्त्यात एकोणीस मिलिलिटर, तीनही ओळींत सारखंच. कठीणपणा: तीनशे ऐंशी. गुरुवारी तिच्या हातून ब्युरेटमधलं द्रावण खरं तर जेमतेम सव्वाचार मिलिलिटर गेलं होतं. लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत, कारण विचार करायचा नव्हता. दीडच्या आत सही झाली. आहेर सरांनी नव्या पानाची चिकटवलेली कड बोटानं दाबून बघितली, नीट बसली आहे ना एवढंच.

जिना उतरताना रूपाली भेटली. "झालं ना ताई?" तिनं विचारलं. चैतालीनं तिचंही जर्नल सहीसकट सोडवून आणलं होतं, ते तिच्या हातात दिलं. दोघी वेगवेगळ्या बसनं गेल्या.

संध्याकाळी देवरामांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, झाली का सही. झाली म्हटल्यावर त्यांनी लगेच मालेगावला भावाला फोन लावला आणि निकाल आता आलाच म्हणून सांगितलं. लताबाईंनी कापलेलं पान टेबलावर बघितलं. हे टाकायचं का, असं विचारलं. चैताली म्हणाली, "राहू दे." मग थोड्या वेळानं तिनंच ते घडी करून जेवायच्या पाटाखाली, त्याच्या डुगडुगणाऱ्या पायाशी सरकवलं. पाट हलायचा थांबला.

उद्या साडेदहाला तोंडी परीक्षा आहे. त्याआधी, रोजच्याप्रमाणे, साडेनऊला शिपाई पुंजाभाऊ मोटर सुरू करून प्रयोगशाळेची टाकी भरतील. तिच्यात येणारं पाणी धरणाचं असेल.