चाळीस चादरींचं अंतर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरीची दोन टोकं धरून उभी आहे. उरलेली दोन मावशींच्या हातात. चादर अडीच मीटरची. घडी घालताना दोघी जवळ येतात, काय बोलायचं ते तेवढ्यात.

"आज?" मावशींनी विचारलं.

"होता."

नऊ वर्षं नवऱ्याचा मार खाल्ल्यावर तिने घर सोडलं, आधीची नोकरीही सोडली. कोर्टाने संरक्षण आदेश दिला: त्याने तिच्याशी बोलायचं नाही, ती राहते त्या बहिणीच्या घराच्या शंभर मीटरच्या आत यायचं नाही. धुलाईघराचा त्याला पत्ताच नव्हता. पण इथेही निर्धास्त असावं म्हणून ती कोर्टात पुन्हा गेली. कारकुनाने कामाची जागा विचारली तेव्हा तिने सगळं बारकाईने सांगितलं. मागचं फाटकसुद्धा लिहून घ्यायला लावलं.

हा पत्ता घातलेल्या नव्या आदेशाची प्रत त्यालाही द्यावी लागते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मंगळवारी प्रत त्याच्या हातात पडली. बुधवारी तो समोरच्या बसथांब्यावर बसलेला होता.

काल तिच्या तक्रारीवरून हवालदार आले. टेप लावून दोनदा मोजलं. फाटकापासून थांबा एकशे आठ मीटर. तो बसची वाट पाहतोय म्हणाला, आणि पुढच्या बसने खरंच गेला. "आत आला की लगेच फोन करा," एवढं सांगून हवालदारही गेले.

"शंभर मीटर म्हणजे चाळीस चादरी," मावशी म्हणाल्या. "तेवढ्या तर आपण चहाच्या आधी हातावेगळ्या करतो."

तिला हसू आलं नाही. त्याला आत यायची गरजच नाही. तिची बस त्याच थांब्यावर थांबते. ती उतरते तेव्हा तो बोलत नाही, बोलायची मनाई तो पाळतो. फक्त खिशातून आदेशाची प्रत काढून गुडघ्यावर उलगडतो आणि पत्त्यावर बोट ठेवतो.

बहीण म्हणते, ही नोकरीही सोड. तिने मुकादमाकडे दुपारची पाळी मागून पाहिली. त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला: महिनाअखेरपर्यंत बदल नाही.

"आधीच्या थांब्यावर उतर की," मावशी म्हणाल्या.

"तिथून दोन किलोमीटर. रस्त्यावर चिटपाखरू नसतं."

मावशींनी चादरीची शेवटची दुमड दाबून बसवली आणि पुढची चादर उचलली.

उद्याही तिची पाळी सहाची आहे. पहिली बस त्या थांब्यावर पाच चाळीसला पोहोचते.