तहसीलदाराचा वाटा

मार्थाबाई दुपारे म्हणजे अगदी गरीब गाय होत्या, असं सौंसरात कोणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गाय कसली? बत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली, बैलगाडीत बसून बोरगाव-मोहगावच्या बाळंतिणी सोडवलेली बाई ती. डॉक्टरची चूक डॉक्टरच्या तोंडावर सांगायची. आवाज तेवढा हळू होता. आणि ज्यांनी तिला सगळ्यात जास्त छळलं, तेच आज गळा काढून गाय गाय करतात.

मी वत्सला. सौंसरच्याच प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. आम्ही बौद्ध, माझं माहेर पांढुर्ण्याचं. माहेरून परत येतानाच त्र्याऐंशी साली बसमध्ये मार्थाबाईंची गाठ पडली. त्या तेव्हा नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. मांडीवर कापडी थैली, थैलीत तीन जुनी पुस्तकं, आणि पुस्तकांवर बसलेलं कोंबडीचं एक पिल्लू. पिल्लाच्या पायाला आइस्क्रीमची काडी बांधलेली.

"बाई, कोंबडीचं तिकीट लागते," कंडक्टर म्हणाला.

"हे कोंबडी नाही, पेशंट हाये," मार्थाबाई हळूच म्हणाल्या. "टांग मोडली हाये त्याची. पेशंटले तू सामानात धरतं का रे?"

सगळी बस हसली. कंडक्टर पुटपुटत पुढे गेला. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

पिल्लू जगलं. पाय थोडा वाकडा राहिला, पण छाती काढून असं चालायला लागलं की मार्थाबाईंनी त्याचं नाव तहसीलदार ठेवलं. घरात मुनीम नावाचा कुत्रा आधीपासून होताच. उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयानं बघायचा म्हणून मुनीम. एकदा खरे तहसीलदारसाहेब इंजेक्शन घ्यायला दारात आले, आणि आतून हाक ऐकू आली, "ए तहसीलदार, निघ चुलीतून, मेल्या!" साहेब तसेच माघारी गेले.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायची. चर्चच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. एका खोलीत पलंग आणि पुस्तकांची पत्र्याची पेटी, वाळवी लागू नये म्हणून वर्तमानपत्राखाली कडुनिंबाचा पाला अंथरलेली. मार्थाबाई कथा लिहायच्या. दवाखान्यातले तापाचे जुने तक्ते त्यांनी जमवून ठेवले होते, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. कथा वाचून दाखवताना कागद उजेडाकडे धरला की कोण्या जुन्या पेशंटचा ताप अक्षरांमागून वर-खाली जाताना दिसायचा. मी ऐकायची आणि चुका काढायची. मग भाकरी आणि वांग्याची भाजी. पण घास घेण्याआधी त्या डोळे मिटून प्रार्थना करायच्या, आणि त्या प्रार्थनेत सगळं घर यायचं. मुनीमाची खरूज बरी कर, तहसीलदाराला मांजरापासून राख, आणि वत्सलेचा राग थोडा कमी कर. आमेन.

"तुमच्या देवाले माह्या रागाशी काय करा लागते?" मी विचारायची.

"त्याले नसन, मले करा लागते. जेवण थंडं होते तुह्या रागापायी."

एका गोष्टीवरून आमचं कायम वाजायचं, ती म्हणजे क्षमा. मी म्हणायची, आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या सोसलं, आता पुरे. आणि तुम्ही लोक उठता-बसता क्षमा करता, म्हणून जो तो तुमच्या डोक्यावर मिरे वाटतो. त्यावर त्या चिडायच्या नाहीत. "क्षमा म्हणजे गप बसणं नाही, बापा," म्हणायच्या. "मी लिहून राहिली ना."

आणि खरंच लिहिलं. शहाऐंशीच्या ऑगस्टात नागपूरच्या एका ख्रिस्ती मासिकात त्यांची कथा छापून आली. एक श्रीमंत बागाईतदार चर्चला पितळेची मोठी घंटा देतो. दर रविवारी ती घंटा वाजते. त्याच्या बगीच्यात संत्री तोडणारे मजूर ती ऐकतात, ते त्याच चर्चचे, पण त्यांना उपासनेला सुट्टी नसते. एक म्हातारी मजूरबाई घंटा वाजली की हातातली टोपली खाली ठेवते, झाडाखालीच दोन मिनिटं उभी राहते आणि पुन्हा टोपली उचलते. एवढीच कथा. नाव कोणाचं नव्हतं.

नाव लागतं कशाला? आमच्या चर्चची (बघा, मी 'आमच्या' म्हणते, इतकी त्यांच्यासोबत गेले आहे) घंटा केशवरावांनी दिलेली. ते चर्च कमिटीचे सेक्रेटरी. बोरगावच्या वाटेवर त्यांचा संत्र्यांचा बगीचा, आणि मंडळीतली अर्धी घरं त्या बगीच्यात कामाला. चर्चचे पाळकसाहेब मार्थाबाईंना भेटून म्हणाले, "सिस्टरबाई, लेखणी देवानं दिली आहे, तर उन्नतीचं लिहा."  केशवरावांनी रस्त्यात त्यांचा सलाम घेणं तेवढं बंद केलं. मला वाटलं, प्रकरण संपलं. माझी अक्कल तेवढीच.

नोव्हेंबरात चर्चचा हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं पहिलं देवाला आणायचं. ज्वारीची कणसं, कोहळी, संत्री, कोंबड्या, एखादी बकरी. उपासना झाली की पटांगणात सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. बोली कोणीही लावावी, बाहेरचासुद्धा. आदल्या वर्षी मीच बोली लावून एक कोहळं घेतलं होतं. नियम एकच, आणि तो मोठा पक्का. सणाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर आलेलं जनावर परत जात नाही. ते देवाचं झालं.

तहसीलदार मार्थाबाईंच्या मागे कुठंही जायचा, नळावर, पोस्टात. म्हणून रविवारी त्या त्याला डालग्याखाली झाकून वर दगड ठेवायच्या. त्या दिवशी परसातली पहिली वांगी तोडण्याच्या घाईत दगड ठेवायचा राहिला. आम्ही आत जाऊन बसलो आणि तहसीलदारसाहेब आमच्या मागोमाग डुलत पायरीवर आले. कार्यकर्त्यांनी पाय बांधून त्याला बाकीच्या कोंबड्यांत टाकलं. त्यांचीही चूक नव्हती म्हणा, ओळीनं सगळ्यांचेच बांधत होते.

उपासना संपल्यावर वाकड्या पायावरून मार्थाबाईंनी तो ओळखला. "हा माहा हाये," त्या केशवरावांना म्हणाल्या. "मी देल्ला नाही. मागंमागं आला."

"सिस्टरबाई, पायरीवर आलेलं देवाचं होते. नियम तुमाले म्या सांगावा का?" मग केशवरावांनी आवाज खाली आणला. मी हातभर अंतरावर उभी होते, शब्द न् शब्द ऐकला. "एक करा. 'ते मासिकातलं म्या मनानंच लिवलं, खरं नाही,' असं साऱ्यायसमोर सांगून टाका. मंग खुशाल घेऊन जा कोंबडा. देव बी माफ करन, म्या बी करन."

मार्थाबाई खाली बसल्या. तहसीलदाराच्या पायातली सुतळी काचत होती, ती त्यांनी एक वेढा सैल केली. दवाखान्यात पट्टी सैल करायच्या तशी. बराच वेळ लागला त्यांना. मग उठल्या.

"घंटा खरी हाये, केशवराव," त्या म्हणाल्या. "ते वाजते तवा तुमच्या बगीच्यात कोण कोण असते, हे इथं साऱ्यायले माहीत हाये."

"मंग लावा बोली."

"माहं हाये ते मी इकत नाही घेत."

त्या येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. आणि माझं डोकं असं भणभणायला लागलं की विचारू नका. देवाच्या नावावर सूड उगवतो हा माणूस! एका म्हातारीच्या कोंबड्यावर! आणि ती सगळी मंडळी, जिची बाळंतपणं मार्थाबाईंनी केली ती, ज्याच्या बापाचं गळू कापलं तो, सगळे मूग गिळून बसलेले. कोणाची मजुरी अडकलेली, कोणाला पोराला बगीच्यात लावायचं होतं. मी हाताची घडी घातली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत मनातल्या मनात एकेकाला धुऊन काढलं. केशवरावांना काय काय ऐकवायचं याचं मी अख्खं भाषण तयार केलं. भाषण चांगलं होतं. अजून पाठ आहे.

कोहळी गेली, कणसं गेली. तहसीलदाराला उचलून धरलं तेव्हा त्यानं मान ताठ करून सगळ्यांकडे बघितलं. केशवरावांनी बोली लावली, फार मोठी नव्हती. माझ्या थैलीत त्याच्या दुप्पट पैसे होते. एक वार. मार्थाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रागानं मान हलवली, म्हणजे बघा, कसे आहेत तुमचे लोक! दोन वार. त्यांनी परत पाहिलं. मी दात-ओठ खात होते. तीन वार. संपलं.

घरी येईपर्यंत मी बडबडत होते. मार्थाबाई चालत होत्या. दारात मुनीम उठला, त्यांच्या मागे बघितलं, रस्त्यापर्यंत जाऊन आला आणि पुन्हा उंबऱ्यात बसला.

चार वाजता केशवरावांची बायको पंचफुलाबाई आली. पदराखाली झाकलेली वाटी. आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांत रीत आहे, लिलावातली कोंबडी ज्यानं घेतली त्यानं रांधल्यावर एक वाटी मूळ घरी पाठवायची. त्याला वाटा म्हणतात. एरवी गोड रीत आहे.

"त्यायनं पाठवलं," पंचफुलाबाई म्हणाली. तिची तिन्ही लेकरं मार्थाबाईंच्या हातावर जन्मलेली. तिनं मान वर केली नाही. वाटी ठेवली आणि जवळजवळ पळतच गेली.

झाकण काढलं. वर तर्री, आत तहसीलदार.

मी वाटी उचलली आणि नालीकडे निघाले. फेकणार होते, वाटीसकट. मार्थाबाईंनी मनगट धरलं. नर्सचा हात होता, सुटला नाही.

"ठेव. पंचफुलेनं रांधलं हाये. रडत रांधलं असन."

"तुम्ही याले बी क्षमा करान!" मी ओरडले. "खाऊन बी घ्या मंग! प्रार्थना म्हणा आन् खा!"

 त्यांनी मुनीमाला आत कोंडलं, परसात लिंबाच्या झाडाखाली उलथन्यानं खड्डा केला आणि वाटीतलं सगळं त्यात ओतून माती लोटली. वर तो डालग्याचा दगड ठेवला. डोळे मिटून उभ्या राहिल्या. मीही राहिले.

मग वाटी राखेनं दोनदा घासली, पदरानं पुसली. पेटी उघडून मासिक काढलं, आपल्या कथेची पानं फाडून काढली आणि घडी करून वाटीत ठेवली. वर झाकण.

"रिकामी वाटी परत पाठवू नाही," त्या म्हणाल्या. "पंचफुलेले वाचता येते. मीच शिकवलं होतं तिले, दुसऱ्या बाळंतपणात."

त्या दिवशी पहिल्यांदा मी हसले. मोठ्यानं हसले. म्हटलं, हे बेस झालं! आता कळन त्याले! त्या मात्र हसत नव्हत्या. वाटी मांडीवर धरून बसल्या होत्या.

"वत्सला, मी दोनदा पाहिलं तुह्याकडे."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"तुमीच तं म्हटलं... माहं हाये ते इकत नाही घेत म्हणून. मले वाटलं..."

"मी नाही घेत म्हटलं होतं. तू नोको घेऊ असं कवा म्हटलं?" आवाज तसाच, हळू. "पैसे होते ना तुह्यापाशी?"

"होते," मी म्हणाले.

"मंग काय करून राहिली होतीस?"

रागावत होते. दुसरं काय करत होते? त्या पटांगणात केशवरावाचा सगळ्यात जास्त राग मलाच आलेला होता, आणि हात वर न करणाऱ्या शंभर जणांत मी एक होते. बाकीच्यांना निदान त्याची भीती होती. मला कशाची होती?

पुढच्या शनिवारी मी गेले. जायची हिंमत नव्हती, तरी गेले. ताटं वाढली. मार्थाबाईंनी डोळे मिटले. मुनीमाची खरूज बरी कर. पंचफुलेला बळ दे. केशवरावांच्या बगीच्यातल्यांना रविवार दे. माझ्या रागाची पाळी येईल म्हणून मी मान खाली घालून थांबले होते.

त्या आमेन म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी मोडली.