डोक्याच्या गोळ्या आणि पोटातले खडे

गुरुवारी दवाखान्यात आमची लाइन, म्हणजे डोक्याच्या गोळ्या घेणाऱ्यांची. नंबर यायला तीन तास लागायचे. तेवढ्या वेळात ऐकलेले एकेकाचे किस्से साठत गेले. नव्वदनंतरची ती वर्षं. बाळंतपणानंतर माझी झोप उडाली, भलतीसलती भीती मनात बसली, तेव्हापासून मी त्या लाइनीत. शिकले सातवीच, पण एक गोष्ट तिथे पक्की कळली. आमचा केसपेपर एकदा पाहिला, की डॉक्टरला आमच्या गळ्याखालचं काही दिसत नाही.

*

पोस्टातून रिटायर झालेले कांबळेकाका सारखं पाणी प्यायला लागले. घरच्यांनी ठरवलं, वेड वाढलं. माठ कपाटात ठेवून कुलूप लावलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली.

शेवटी काका लघवीला जात त्या मोरीत मुंग्यांची रांग लागली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "अहो, यांना शुगर असेल." तपासलं तर खरंच शुगर.

काका सांगायचे, "माझा आजार मुंग्यांनी शोधला. एकीनेही केसपेपर मागितला नाही."

*

चौक गावची मासे विकणारी मावशी, तीही आमच्याच लाइनीत. तिला पूर्वी कानात आवाज ऐकू यायचे. एकदा गाल सुजवून आली.

"दाढ दुखते, डॉक्टर."

डॉक्टरांनी पेपर वाचला, पेन उचललं. "दाढ तुमच्याशी बोलते का?"

"बोलत न्हाय बाबा. नुसती दुखते हाय."

*

मग माझा नंबर लागला. उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती थेट पाठीत जायची. नया नगरातल्या आमच्या घरच्या डॉक्टरांकडे तीनदा गेले. तीनदा माझा डोक्याचा केसपेपर पाहून म्हणाले, "टेन्शन है." सासूबाई म्हणाल्या, "विचार कमी कर." मी पोट धरून बसले, की माझी तीन वर्षांची पोर डोक्याच्या गोळ्यांची डबी आणून द्यायची. मला काही झालं तर हिचं कोण करणार, हीच धास्ती.

मावशी म्हणाली, "तुज्या घोवाला पाठव. त्याला दुखतं म्हणून सांग. त्याचं डोकं बरं हाय ना?"

*

नवरा डॉक्टरांकडे गेला. माझी कळ त्याने माझ्यापेक्षा छान सांगितली. डॉक्टर खुर्चीतून उठले, त्याला झोपवलं, पोट दाबलं, ताबडतोब सोनोग्राफीची चिठ्ठी दिली.

सेंटरमधल्या बाईंना त्याने खरं सांगितलं. बाई भल्या. टेबलावर मला घेतलं, पण कागदावर चिठ्ठीवरचं नवऱ्याचंच नाव राहिलं.

पुढे माझं ऑपरेशन झालं, मी बरी आहे. सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. ते नवऱ्याला म्हणाले, "पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. ऑपरेशन करून टाका, उशीर नको."

मी म्हणाले, "डॉक्टर, ते खडे माझे आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवरच्या केसपेपरकडे पाहिलं. मग खुर्ची नवऱ्याजवळ ओढून हळूच विचारलं,

"यांना असं कधीपासून वाटतंय?"