मानस म्हणजे कोण?

आमच्या गावात रस्त्याच्या एका अंगाला तळं आणि दुसऱ्या अंगाला बसथांबा. थांब्याच्या भिंतीवर एक फळा आहे. वीस वर्षं त्या फळ्याला माझ्याशिवाय कुणी खडू लावला नव्हता. मी बालवाडीत शिकवायचे, अक्षर बरं होतं, म्हणून पंचांनी गावच्या सूचना लिहायचं काम मला दिलं. 'काजूच्या बागेत विस्तव करू नये.' 'उद्या दुपारपर्यंत वीज नाही.' 'तळ्यात मगर दिसली आहे, पायऱ्यांवर कपडे धुऊ नयेत.' सकाळी पोदेर पावाची सायकल घेऊन तिथेच उभा राहायचा, त्यामुळे पावाचे उंडे घेता घेता सगळ्यांच्या नजरा फळ्यावर जायच्या. वीस वर्षांत माझा एक अनुस्वार चुकला नाही. गर्व म्हणा हवं तर. होताच.

मग ती आली. नवरा तुयेच्या कारखान्यात लागलेला, माणसं कोल्हापूरकडची, आमच्या कुंपणापलीकडच्या खोलीत भाड्याने राहिली. त्याच आठवड्यात मी फळ्यावर 'भाडेकरूंनी पडताळणीचे अर्ज भरून द्यावेत' असं लिहिलं होतं, जरा ठसठशीत. दुसऱ्या दिवशी ती भरलेला अर्ज घेऊन माझ्याच दारात. "काकी, तुमचं अक्षर म्हंजे अगदी छापल्यागत बगा," म्हणाली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला ती आवडली होती.

पुढे माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस धूळ नको, खडू नको. पंचांनी तिला सांगितलं, तोवर तू बघ. तिने खडू हातात घेतलाच नाही. गावच्या मोबाईल ग्रुपवर बोलूनच सूचना पाठवली. "नमस्कार मंडळी! उद्या धा ते एक लाईट न्हाई. पाणी भरून ठेवा, मोबाईल चारज करून ठेवा, आनि म्हाताऱ्या मानसांला उन्हात पाठवू नका."

म्हाताऱ्या माणसांचं वीज खात्याने काही सांगितलं नव्हतं. ते तिने पदरचं घातलं होतं.

माझी धाकटी जाऊ बांगडे साफ करत होती. खवल्यांच्या हातानेच तिने तो आवाज परत लावला. "कसां गोड सांगता गे ती! आयकतच रवांसा वाटता," म्हणाली. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते तिथून. वीस वर्षांत माझी सूचना कुणी दोनदा वाचली नव्हती.

डोळा बरा झाल्यावर मी पुन्हा फळा लिहायला लागले, ग्रुपवर बोलायचं काम तिच्याकडेच राहिलं. पण लोक पोदेराकडून पाव घ्यायचे आणि फळ्याला पाठ करून तिचा आवाज ऐकायचे. पोरं तिची नक्कल करायची. "नमस्कार मंडळी" म्हटलं की बसचा कंडक्टरसुद्धा हसायचा. आयत्या बिळावर नागोबा, मी जावेला म्हटलं. जाऊ म्हणाली, "तुजां काय गेलां त्यात?" काय गेलं ते मला सांगता येईना, म्हणून आणखीनच राग आला. तिच्या आवाजाचा, तिच्या चुकीच्या बोलण्याचा, तिच्या तरण्या डोळ्यांचासुद्धा मला हेवा वाटायचा. मी तिच्यात खोड शोधायची, आणि ती मात्र रोज सकाळी फळ्यासमोर उभी राहून माझी सूचना ओठ हलवत वाचायची. मला वाटायचं, माझंच वाचते आणि स्वतःचं म्हणून खपवते.

तुळशीचं लग्न झालं. वायंगणाची, म्हणजे तळ्याच्या पाण्यावरच्या दुसऱ्या भातपिकाची तयारी सुरू झाली, आणि एका संध्याकाळी ती मोबाईल हातात घेऊन आली. पंचांनी मजकूर पाठवला होता : 'उद्या सकाळी नऊ वाजता मानस उघडणार. सर्वांनी नोंद घ्यावी.'

"काकी, मानस म्हंजे कोन वो? दुकान हाय का?"

आमच्याकडे तळ्याच्या बांधाला पाणी सोडायचा जो लाकडी फळ्यांचा दरवाजा असतो, त्याला मानस म्हणतात. तो उघडला की भरलेल्या तळ्याचं पाणी व्हाळातून खाली शेतांत धावतं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. ती घाटावरची, तिला कुठून ठाऊक असणार? एका वाक्याचं काम होतं.

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "असेल."

तेवढाच एक शब्द. मी खोटं बोलले नाही असं मी रात्रभर स्वतःला समजावत होते, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सकाळी ग्रुपवर तिचा आवाज आला. "नमस्कार मंडळी! आज नऊ वाजता मानसचं उद्घाटन हाय. समद्यांनी यायचं, नव्या मालकांला शुभेच्छा द्यायच्या!" पोदेराच्या सायकलीभोवती हसून हसून माणसं वाकली. नव्या मालकाक नारळ कोण देतलो, म्हणून एकाने विचारलं. मीही हसले. किती महिन्यांनी इतकी मोकळी हसले असेन! कुणाचंच नुकसान नव्हतं. मानस उघडणार म्हणजे काय ते सगळ्या गावाला कळलं होतं.

"आणि ती खंय आसा?" कुणीतरी विचारलं.

"ती व्हाळार गेली," जाऊ हसत म्हणाली. "वाकळ धुवन मगे उद्घाटनाक येतलंय म्हणाली."

माझ्या हातातले उंडे कुठे पडले ते मला आठवत नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर कपडे धुऊ नयेत हे मीच लिहिलं होतं. ते पाळून व्हाळावर जाणारी गावात ती एकटीच. आणि पंचांची माणसं पहारी घेऊन बांधावर केव्हाच चढली होती.

मी धावले. माझ्या वयाची बाई धावते ते काय धावणं, पण धावले. खाली ती गुडघाभर पाण्यात, पाठमोरी, दगडावर वाकळ आपटत होती. "वर ये गे! पाणी इलां!" मी ओरडले. तिने वळून हात हलवला. तिला वाटलं, मी उद्घाटनाला बोलवायला आले.

मग वरून पाणी आलं. पानं, काटक्या, गढूळ फेस. बघता बघता तिच्या कमरेला लागलं. ती वाकळ सोडेना. भिजलेली वाकळ म्हणजे धोंडा, ती तिला ओढत खाली नेऊ लागली. मी करंजाच्या मुळाला धरून पाण्यात उतरले आणि तिचं मनगट पकडलं. "सोड ती!"

"आईनं शिवलीया वो," ती रडत म्हणाली, आणि सोडली.

काठावर दोघी चिखलात बसून राहिलो. वाकळ पुलाखालून गेली ती गेलीच. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता विचारेल. तिने विचारलं नाही. माझ्या डोळ्याला चिखल लागलाय, ऑपरेशनचा डोळा आहे, म्हणून आपला ओला पदर पिळून तिने तो पुसला.

दुपारी ग्रुपवर आवाज आला. या वेळी 'नमस्कार मंडळी' नव्हतं. "मानस म्हंजे काय ते मी कुनालाच विचारलं न्हाई, चूक माझी. काकींनी जीव वाचवला." गावाने मला डोक्यावर घेतलं. पंच घरी आले. पोदेराने दोन उंडे जास्त दिले. जाऊ तर तो आवाज सारखा लावत होती, आणि प्रत्येक वेळी 'विचारलं न्हाई' आलं की मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच फळ्याकडे गेले आणि लिहिलं : 'मानस म्हणजे तळ्याच्या बांधाचा दरवाजा. तो उघडताना व्हाळात कोणी उतरू नये. हे मला विचारण्यात आलं होतं. मी सांगितलं नाही.'

पोदेर आला. माणसं आली. पाव घेऊन, मोबाईलवर बोलत निघून गेली. फळा कुणीच वाचला नाही. शेवटी ती आली, नेहमीसारखी समोर उभी राहिली, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. मी थांब्याच्या बाकावर बसले होते. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं, मोबाईल तोंडाशी धरला आणि बोलायला लागली.

"मंडळी, फळ्यावर काकींनी लिवलंय. मानस म्हंजे तळ्याच्या बांधाचा दरवाजा. तो उघडताना व्हाळात कुनी उतरू नये."

एवढंच वाचून तिने मोबाईल खाली ठेवला. खालच्या दोन ओळी वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर मी सुटले असते. तिच्यासारखं मन मला का नाही मिळालं, म्हणून तिथे बाकावर बसल्या बसल्या मला तिचा पुन्हा हेवा वाटला.