हमीदभाऊला न सांगितलेला शेवट

हमीदभाऊ गेल्याचा फोन त्याच्या बहिणीचा, जुबेदाआपाचा आला. रडणं आवरून तिने त्याच फोनमध्ये विचारलं, "त्याला त्या पुस्तकांच्या ग्रुपात परत घेतलंय गं. आता कशाला?" कशाला ते मला लगेच कळलं. श्रद्धांजली वाहायची तर माणूस ग्रुपमध्ये हवा, नाहीतर फुलं टाकायची कुणाच्या नावावर? दफन व्हायच्या आत त्याच्या मोबाइलवर जोडलेले हात येऊन पडायला लागले होते. दोन दिवसांपूर्वी ज्यांनी त्याला ग्रुपमधून हाकललं, त्यांचेच हात... त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. तरी हळवं लिहायला मला जमणार नाही. पत्रकं लिहून माझा हात असाच झालाय, आणि हळवं लिखाण हमीदभाऊलाही सोसायचं नाही.

तळेगाव स्टेशनजवळ त्याचं नळ, पाइप आणि रंगाचं दुकान. आंबी गावामागचा डोंगर फोडण्याविरुद्धचं आमच्या चळवळीचं पत्रक मी त्याच्या शटरवर चिकटवत होते, तर हा बाहेर येऊन उभ्या उभ्या सगळं वाचून मोकळा. "लावायचं तर लाव," म्हणाला, "पण दुसऱ्या परिच्छेदात मला झोप आली. जाहीर निषेध किती वेळा करती? एकदा कर, पण कानाखाली आवाज निघंल असा कर." मी भडकले, तावातावाने निघून गेले, आणि पुढच्या आठवड्यात निम्मं पत्रक घेऊन परत आले. ते वाचून त्याने गल्ल्यामागून एक कादंबरी काढून दिली. तेव्हापासून मी 'पत्रकवाली'. त्यानेच मला लोणावळा-तळेगावच्या वाचकांच्या त्या ग्रुपमध्ये घेतलं. मतं तो बोलून पाठवायचा, दुकान चालू असतानाच. "ह्या लेखकाला बाई कळत न्हाई, भूक कळत न्हाई, तरी पाचशे पानं! ...ओ शेठ, तुमी एल्बो मागितला, टी न्हाई, ठेवा ती खाली... हां, तर पाचशे पानं! कागदवाल्याचं तरी भलं झालं." ग्रुपमधले निवृत्त साहेब आणि बंगलेवाल्या बाई यावर हसरे चेहरे टाकायच्या. डूख धरलेला असायचा, तो दिसायचा नाही. आमचं पत्रक टाकलं म्हणून मला तर त्यांनी लवकरच काढलं. मग हमीदभाऊ तिथलं सगळं मला पुढे पाठवायचा आणि खाली लिहायचा, "हस."

या ग्रुपची एक रीत होती. बाजारात न मिळणारी एखादी जुनी कादंबरी हातोहात घरोघर फिरायची. प्रत्येकाला पंधरवडा, मग पुढच्याकडे. वाचून झालं की ग्रुपवर मत लिहायचं, चांदण्या द्यायच्या. पण शेवट सांगायचा नाही आणि विचारायचाही नाही. गेल्या वर्षी अशीच एक कादंबरी फिरत होती. घाटात चहाची टपरी चालवणारी बाई, तिला टाकून पळालेला नवरा, आणि बऱ्याच वर्षांनी एका सकाळी दारावर त्याची थाप. ग्रुपवर मतांचा पूर आला होता. 'शेवट अंगावर येतो.' 'शेवट वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.' हमीदभाऊची पाळी आली तेव्हा साखरेने त्याचे डोळे खाल्ले होते. भिंग धरून तो कसाबसा त्या थापेपर्यंत पोचला आणि दुसऱ्या डोळ्यातही रक्त उतरलं. पंधरवडा संपला होता. पुस्तक पुढे गेलं, अ‍ॅडमिनसाहेबांकडे, आणि तिथेच राहिलं. त्यांना पंधरवडा लागू नव्हता.

मग मूत्रपिंडं गेली, डायलिसिस सुरू झालं, आणि याच्या डोक्यात एकच... ती दार उघडते का? मला आधी तो हट्ट वाटला. एकदा खिळे तोलता तोलता त्याने सांगितलं. अठराव्या वर्षी बापाशी भांडून हा घरातून पळाला होता. काही वर्षांनी परत आला, दार वाजवलं. बाप आत जागा होता, पण बसून राहिला. दार उघडलं आपाने. "तिनं उघडलंच पायजे गं," तो मला म्हणाला. "न्हाई उघडलं तर मंग त्या लेखकाची आन् माझी वरती गाठ हाय."

ग्रुपवर त्याने रोज सकाळी विचारायला सुरुवात केली. "उघडती का न्हाई? एक शब्द टाका. माझ्याकडं टाइम न्हाई." एका बाईंनी दंड फुगवलेलं चित्र टाकून लिहिलं, 'बरे व्हा आणि स्वतःच वाचा, याहून मोठं औषध नाही!' अ‍ॅडमिनसाहेबांनी लिहिलं, 'नियम सर्वांना सारखा. आजारपणाचं भांडवल करू नये.' आंधळा होत चाललेला माणूस एक शब्द मागतोय आणि हे नियम दाखवतायत! चौथ्या की पाचव्या सकाळी त्यांनी त्याला काढून टाकलं.

मी गाडी काढली आणि लोणावळ्यात भुशीच्या रस्त्यावरचा साहेबांचा बंगला गाठला. साहेब झोपाळ्यावर होते.

"पुस्तक द्या, नाहीतर शेवट सांगा," मी म्हटलं.

"हे पाहा, शेवट सांगणं म्हणजे कलाकृतीचा खून आहे."

"माणूस मरतोय, साहेब."

"तुम्हा चळवळवाल्यांना प्रत्येक गोष्टीत कुणीतरी मरताना दिसतं."

पुस्तक समोर टीपॉयवरच होतं. मी उचललं आणि निघाले. ते मागून ओरडत राहिले, "अहो, क्रम आहे! पुढची पाळी डॉक्टरीणबाईंची आहे!"

हॉस्पिटलात हमीदभाऊ शुद्धीवर होता. आवाज अगदी बारीक झालेला. मी पुस्तक आणलंय म्हटल्यावर त्याने चेहरा माझ्याकडे वळवला. त्याने सोडलेलं पान शोधून मी वाचायला लागले. थाप पडते, बाई चुलीपासून उठते, दाराशी येते... आणि पुढचं पान उलटेना. जुन्या पुस्तकांत कधी कधी कडा छापखान्यातच कापायच्या राहतात, पानं एकमेकांना जोडलेलीच येतात. सुरीने कापल्याशिवाय आत वाचता येत नाही. इथून शेवटपर्यंतची सगळी पानं तशीच होती. कुणीही कापलेली नव्हती. जेवण गेलेल्यांनी नाही, आणि कलाकृतीचा खून होऊ न देणाऱ्या साहेबांनीही नाही.

मी त्याचं बोट धरून त्या जोडलेल्या कडेवरून फिरवलं. त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो हसला. खोकला येईपर्यंत, नर्स येऊन दटावेपर्यंत हसला. "पाच-पाच चांदण्या दिल्या की गं भडव्यांनी! ...फोटो काढ आधी."

फोटो काढला. मी पानात बोट घालून फाडणार, तर हा एकदम कडक. "फाडू नको! पुस्तक हाय ते. घरनं सुरी आण उद्या, नीट काप."

"भाऊ, आत्ता फाडते ना. कडा खराब झाल्या तर झाल्या."

"एवढे दिवस थांबलो, एका रात्रीनं काय हुतंय?"

दुसऱ्या दिवशी मी सुरी पिशवीत घालून निघाले होते, तेव्हा आपाचा तो फोन आला.

मातीनंतर दोन दिवसांनी घरी गेले. आपा त्याच्या खोलीत बसली होती, हातात त्याचा मोबाइल. तिने अ‍ॅडमिनसाहेबांची श्रद्धांजली मला वाचायला दिली. 'त्या कादंबरीचा हृद्य शेवट अनुभवण्याचं भाग्य हमीदजींना लाभलं नाही, ही खंत मनात राहील.' खाली सगळ्यांच्या माना डोललेल्या. हृद्य! माझं डोकं फिरलं.

"त्यांना उत्तर काय द्यायचं ते तूच दे," आपा म्हणाली. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

मी तो फोटो त्याच्या मोबाइलवर घेतला आणि त्याच्याच नावाने ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ही शेवटची पानं. ज्याने वाचली त्याने हात वर करावा.' एकेकाने पाहिल्याच्या खुणा निळ्या होत गेल्या. थोड्या वेळाने एकच ओळ उमटली, अ‍ॅडमिनने या सदस्याला काढून टाकल्याची. जिवंतपणी एकदा आणि मेल्यावर एकदा.

आपाने मोबाइल पालथा ठेवला, स्वयंपाकघरातून सुरी आणली, पदराला पुसली. मी एकेक कड नीट कापली आणि त्याच्या खाटेवर बसून मोठ्याने वाचलं. नियम मोडायचाच आहे तर इथेच मोडते. ती दार उघडत नाही. कडी वर सरकवते, चुलीपाशी परत येते आणि गिऱ्हाइकांसाठी आधण ठेवते. बाहेरची थाप थांबते. संपलं.

आपाने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"न्हाई उघडत?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "ऐकायच्या आधी गेला."

डॉक्टरीणबाईंची पाळी आहे म्हणून साहेब अजून पुस्तक मागतायत. ते मिळणार नाही. हमीदभाऊच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलंय. ज्याला वाचायचं असेल त्याने आपाचं दार वाजवावं. ती उघडते.