पहिलीच्या हातचं बिरडं

आमच्या घरचं वालाचं बिरडं नातेवाइकांत नावाजलेलं होतं. सगळे त्याला आजीचं बिरडं म्हणत. एकटे आजोबा म्हणत नसत.

आजी त्यांची दुसरी बायको. पहिली रोह्याकडची, लग्नानंतर तीन वर्षांत तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. वर्षाच्या आत आजी त्या घरात आली आणि सासूने पहिल्याच आठवड्यात तिला बिरडं शिकवलं, "ती करायची तस्संच कर" म्हणून. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, पण दाणा मोडता कामा नये. हिंग-मोहरीची फोडणी, ओलं खोबरं-जिऱ्याचं वाटप, आमसूल, गूळ आणि शेवटी नारळाचं दूध.

आजोबा पहिला घास घेत, जरा थांबत आणि म्हणत, "बरं झालंय. पण तिच्यासारखं नाय."

पाहुण्यांसमोर, लेकींसमोर, सुनांसमोर. पन्नासेक वर्षं. आम्ही नातवंडं त्या वाक्याची वाटच बघायचो आणि ते आलं की खिदळायचो. मीही हसले आहे. आजी तेव्हा कुणालातरी भात वाढत असायची.

पुढे आजोबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. दोघं पेणच्या रामवाडीत दोन खोल्यांत राहत. मी रोह्याला शाळेत शिकवते, दर रविवारी पेणला जायची. अंग पुसणं, कूस बदलणं, हागणंमुतणं, सगळं आजीच करायची. कुणाला हात लावू द्यायची नाही.

एका रविवारी आजोबांनी बिरडं मागितलं होतं. आजीची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली, तरी तिने मला वाल सोलू दिले नाहीत. मऊ भातात कालवून ती त्यांना चमच्याने भरवायला बसली. दोन घास गेले. तिसऱ्याला आजोबांनी तोंड फिरवलं.

"तिच्यासारखं... नाय."

आजीने चमचा वाटीत ठेवला.

"तिला येत होतं कुठं?"

आजोबांनी फिरवलेलं तोंड पुन्हा तिच्याकडे वळवलं.

"बिरडं तुमची आई करायची. ती नुसतं ताट आणून पुढ्यात ठेवायची. सासूबाई जाताना मला सांगून गेल्या, त्याला कळू देऊ नको म्हणाल्या. ती हसायची म्हणे तुमच्यावर. ह्याला आईच्या हाताची चवसुद्धा ओळखता येत नाय, म्हणायची."

"खोटं," आजोबा म्हणाले.

"विचारा मग. कुणाला विचारताय?"

तिने पदराने त्यांची लाळ पुसली आणि चमचा पुन्हा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं नाही. उरलेला भात आजीने तिथंच त्यांच्यासमोर बसून खाल्ला.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "आजी, खरं हाय हे?"

"नाय गो. तीच करायची. बाई चांगली होती म्हणतात." आजी वाटी घासत होती.

"मग असं कशाला सांगितलंस?"

"मी एवढी वर्षं ऐकलं. त्यांनी एकदा ऐकलं."

निघताना मी आजोबांजवळ गेले. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. डोळे भरले होते.

"व्हय?" एवढंच विचारलं त्यांनी.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मला ‘नाही’ असं म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण आजीला खोटं पाडावं असं वाटेना, आणि खरं सांगायचं तर आजोबांना थोडं सोसू दे, असंही मनात आलं. पुढच्या खेपेला बघू.

"येते आजोबा. रविवारी येते," म्हणत मी मनगट सोडवून घेतलं.

बुधवारी सकाळी फोन आला.

बाराव्याला माणसं पांगल्यावर आजी माझ्याशेजारी येऊन बसली. तोवर ती रडली नव्हती.

"त्या दिवसापासून काय खाल्लं नाय त्यांनी," ती म्हणाली. "पेजसुद्धा नाय. तुला विचारलंन ना त्यांनी? मी ऐकत होते."

मी मानेनेच हो म्हटलं.

"मला वाटलं, तू सांगशील. माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून तर तुला खरं सांगितलं गो."