घोषणेपुरते दात

आमच्या घोषणावाल्या काकांएवढं मोठं तोंड अख्ख्या शहरात नव्हतं, आणि त्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात अॅसिडच्या टाकीत पत्रे बुडवता बुडवता तिच्या वाफेनं दात झिजले, तुटले, पडले. पुढं त्याच कारखान्यानं मोफत शिबिरात त्यांना कवळी बसवली आणि फोटो काढून घेतला. दातांची माती करायची यांनी, आणि वर टाळ्याही यांनीच घ्यायच्या!

डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला लाळ सुटेल, हिरड्या सोलतील, शब्द घसरतील. रोज मोठ्यानं वाचत जा. काकांनी वाचायला घेतली मी युनियनसाठी लिहिलेली पत्रकं, तीही शहागंजातल्या चहाच्या टपरीवर, कुणी ऐको न ऐको. "पोरी, 'भांडवलशाही' म्हणलं की खालची कवळी उचलतीय. जरा सोप्या भाषेत चिडत जा की!" जेवायला बसले की कवळी सदऱ्याच्या खिशात. भाकरी कालवणात कुस्करून हिरड्यांनीच चघळायचे. "हे दात खायचे नायत. घोषणेचे हायत."

या मेहनतीला कारण होतं. टाकीवरच्या त्यांच्या जोडीदाराची फुप्फुसं त्याच वाफेनं गेली होती. त्यानं अंथरुणातून बजावलं होतं, "माझ्या मयतीला आवाज तूच द्यायचा. मला मुक्यानं न्यायचं नाय." काका म्हणाले, "व्हय. पार साहेबाच्या केबिनीत ऐकू जाईल."

तो गेला. तिरडी आम्ही कारखान्याच्या गेटसमोर थांबवली. काकांनी मूठ उगारली, "आमचा साथी..." आणि तोंड एवढं उघडलं की खालची कवळी निसटून डांबरावर पडली. गेटवरचा सुपरवायझर फिस्सकन हसला. मी त्याच्या अंगावर धावले, लोकांनी धरलं. काकांनी कवळी उचलली, सदऱ्याला पुसली, पण ती बसवता येईना.

तेवढ्यात जोडीदाराची बायको पुढं आली. इतक्या वर्षांत तिनं मोर्चाला फक्त डबे पोचवले होते. "भावजी, तुम्ही मागनं म्हणा," ती म्हणाली, आणि ओरडली, "आमचा साथी!"

"अमर रहे!" गेट हादरलं. त्यात काकांचं बोबडं "अमर रहे" होतं. बाकीचे थांबले तरी ते चालूच होतं.

आता मोर्चात ते शेवटच्या रांगेत असतात. परवा म्हटलं, "काका, पुढं या ना."

"नाय गं," ते म्हणाले. "मागं लई मोठा आवाज असतोय. पुढं राहून इतकी वर्षं कधी नीट ऐकलाच नव्हता."